‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातील डोंगरपट्ट्याची गावे निम्मी रिकामी होतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यामुळे आईलाही मागे राहता येत नाही. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. पुढील पाच-सहा महिने त्या लेकरांचे खाणे, झोपणे, आजारपण आणि हट्ट हे सारे आजी-आजोबांनाच पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार सर्दी-खोकल्याची होती. मी औषध लिहून दिले. आजी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, एक इचारू का? ह्याला हाक मारली तर हा बघत न्हाई. पर बिस्किटाचा पुडा फोडला की पलीकडच्या खोलीतून पळत येतो. मंग ह्याला ऐकू येतंय का न्हाई?”

मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवले. कारण हाच प्रश्न मला त्यापूर्वीही एका आजींनी विचारला होता आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. “मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही उशिरा बोलला असेल. बोलेल हळूहळू,” असे सांगून मी त्यांना परत पाठवले. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. शाळेत तो एका जागी बसत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. त्याला स्वमग्नता होती. माझ्या एका वाक्याने त्या घराची तीन वर्षे गेली आणि ती वर्षे परत देणे कोणाच्याही हाती नव्हते. मी बालरोगतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या पातळीवर काम करणारा साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले ते त्या चुकीमुळे.

स्वमग्नता म्हणजे काय?

‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यावरून मूल मुद्दाम आपल्यातच रमून बसते, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाची अवस्था आहे आणि तिची सुरुवात अगदी कोवळ्या वयात, पुष्कळदा जन्मापूर्वीच होते. तिची लक्षणे दोन गटांत दिसतात. पहिला गट माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा: नजर, हावभाव, बोलणे, आपला आनंद दुसऱ्याला दाखवणे. दुसरा गट तोच-तोपणाचा: त्याच हालचाली, तेच खेळ, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, तसेच आवाज, स्पर्श, प्रकाश, चव यांची अतिशय कमी किंवा अतिशय तीव्र जाणीव.

या लक्षणांचे प्रमाण प्रत्येक मुलात निराळे असते. एखादे मूल मुळीच बोलत नाही, तर एखादे घडाघडा बोलते; पण त्याला समोरच्याचे ऐकून त्याला धरून उत्तर देणे जमत नाही. एका स्वमग्न मुलावरून दुसऱ्याची कल्पना करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारणपणे शंभर ते सव्वाशे मुलांमागे एका मुलात ही अवस्था आढळते. हे प्रमाण पाहिले तर कोणत्याही मोठ्या गावात अशी मुले असणारच. त्यांना आपण ‘मुका’, ‘वेडसर’ किंवा ‘हट्टी’ म्हणत आलो आहोत, एवढेच.

घरात काय पाहावे?

नातवंडाच्या वाढीकडे पाहण्याची नजर आजी-आजोबांना असतेच. पुढील खुणा फक्त मनात ठेवाव्यात.

वर्षाच्या आत: नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहते का? आपण हसलो की हसते का?

वर्षाच्या सुमारास: ‘बाबा’, ‘दादा’, ‘मामा’ अशी बडबड करते का? टाटा करणे, टाळ्या वाजवणे, बोटाने दाखवणे यांपैकी काही करते का?

सोळा महिन्यांपर्यंत: अर्थ असलेला एकही शब्द आलेला नाही का?

दीड वर्षाच्या सुमारास: चांदोबा, विमान, वासरू पाहून त्याकडे बोट दाखवते आणि ‘तूही पाहिलेस ना?’ अशा नजरेने तुमच्याकडे पाहते का? हवी ती वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे वेगळे आणि गंमत वाटून घेण्यासाठी दाखवणे वेगळे. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. काही स्वमग्न मुले बोट न दाखवता मोठ्या माणसाचा हात धरतात आणि तो डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतात.

दोन वर्षांपर्यंत: ‘आजी ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी करते का? दूरचित्रवाणीवरील जाहिरात जशीच्या तशी म्हणणे यात मोजू नये. भातुकलीतील रिकाम्या कपातून चहा पिण्याचे, बाहुलीला थोपटण्याचे लटके खेळ खेळते का?

याशिवाय गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच तासन्‌तास फिरवणे, झाकणे किंवा चपला ओळीत मांडणे आणि ओळ मोडल्यावर आकांत करणे, हात फडफडवणे, सतत चवड्यांवर चालणे, मिक्सरचा किंवा हलगीचा आवाज सुरू होताच कान झाकून पळणे, या गोष्टी दिसतात का तेही पाहावे.

यांतील एखादी खूण एकटी दिसली तर घाबरू नये. निरोगी मुलेही चवड्यांवर चालतात, चपला मांडतात. अनेक खुणा एकत्र आणि रोज दिसत असतील, तर मात्र थांबू नये. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, हसणे-खेळणे कमी झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. मुलींच्या बाबतीत अधिक सावध असावे. स्वमग्नतेचे निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी अधिक होते. परंतु याचे एक कारण असे की, गप्प राहणाऱ्या मुलीला आपण ‘गुणाची’ म्हणतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते.

तुमची साक्ष का महत्त्वाची?

स्वमग्नता दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि मेंदूच्या छायाचित्रातही ती दिसत नाही. निदान दोन गोष्टींवर होते: तज्ज्ञांनी मुलाचे केलेले निरीक्षण आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत. अनोळखी खोलीत अर्धा-पाऊण तास दिसलेले मूल आणि घरातले मूल यांत फरक असतो. तो भरून काढते ती तुमची हकिकत.

या अवस्थेच्या इतिहासाची सुरुवातही अशाच एका हकिकतीने झाली. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावात डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा होता. त्याच्या वडिलांनी त्याच्या वागण्याचे वर्णन करणारे ३३ पानांचे टंकलिखित पत्र बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवले. कॅनर यांनी १९३८ मध्ये त्या मुलाला तपासले आणि १९४३ मध्ये ११ मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात डोनाल्ड हे पहिले मूल होते आणि वडिलांच्या पत्रातील तपशील त्या निबंधात जागोजागी आढळतात. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरी करू लागले, मोटार चालवायला शिकले, देशोदेशी फिरले आणि आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांत राहून २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारले. सर्वच मुलांची वाटचाल अशी होते असे नाही. पण निदान म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

तुम्हाला ३३ पाने लिहिण्याची गरज नाही. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि तारीख टाकून रोज दोन ओळी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या नातवंडाकडून लिहून घ्यावे. ‘आज पाच वेळा हाक मारली, एकदा वळला.’ ‘पाहुणे आले तेव्हा कोपऱ्यात जाऊन पाऊण तास झाकण फिरवत बसला.’ मूल काय करते याबरोबर काय करत नाही, हेही लिहावे. भ्रमणध्वनीवर एक-दोन मिनिटांच्या तीन-चार चित्रफिती घ्याव्यात: हाक मारताना, जेवताना, इतर मुलांत असताना, एकटे खेळताना. तज्ज्ञांना त्यांचा फार उपयोग होतो.

कोठे जावे?

पहिली पायरी गावातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरते आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. पथकाने पाहावयाच्या ३० आजार-अवस्थांमध्ये स्वमग्नतेचाही समावेश आहे. पथक कधी येणार हे अंगणवाडीसेविकेला आधीच विचारून ठेवावे आणि त्या दिवशी मुलासोबत स्वतः जाऊन शंका बोलून दाखवावी. गर्दीत वजन-उंची होऊन मूल पुढे सरकते, आणि न बोलणारे मूल आपली तक्रार सांगू शकत नाही.

पथक येण्यास महिने असतील तर वाट पाहू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि पुढील तपासणीसाठी चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठीत केवळ ‘बोलत नाही’ असे नसावे. ‘स्वमग्नतेच्या दृष्टीने मूल्यमापन व्हावे, तसेच श्रवणचाचणी व्हावी’ असे स्पष्ट लिहून देण्याची विनंती करावी. या कार्यक्रमाच्या रचनेनुसार अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असते. आपल्यासाठी दोन मोठी ठिकाणे म्हणजे बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हे महाविद्यालय १९७४ पासून चालू असून बालरोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग तेथे एकाच आवारात आहेत. निघण्यापूर्वी कोणता विभाग कोणत्या वारी असतो आणि श्रवणचाचणी कधी होते, याची चौकशी करावी. आजारी गुडघ्यांनी केलेली एसटीची एक फेरी वाचते.

तपासणीच्या दिवशी काय होते?

येथे एक फरक समजून घ्यावा. पहिली असते ती चाळणी चाचणी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची यादी वापरतात. उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’. चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते; त्याला अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरे निदान होते ते त्यानंतरच्या मूल्यमापनात.

मूल्यमापनाचे टप्पे साधारण असे असतात. प्रथम कानाची तपासणी. आजींच्या नातवासारखे मूल बिस्किटाच्या पुड्याला प्रतिसाद देत असले तरी काही विशिष्ट आवाज ऐकू येत नसण्याची शक्यता उरते. ‘ओएई’ ही चाचणी काही मिनिटांत होते. ‘बेरा’ ही चाचणी मूल झोपलेले असताना करतात. म्हणून ‘बेरा’ असेल त्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवावे आणि वाटेत झोपू देऊ नये.

त्यानंतर गरोदरपण, बाळंतपण, जन्मताच रडला की नाही, कावीळ, झटके, नात्यातील लग्न, घराण्यातील इतर मुले यांविषयी विचारतात. ही उलटतपासणी नव्हे. लाजून काही लपवू नये. मग खेळणी देऊन मुलाचे खेळणे, नजर, हाकेला प्रतिसाद पाहिला जातो आणि त्याची एकंदर वाढ व समज मोजली जाते.

आपल्या देशात यासाठी दोन साधने अधिक वापरली जातात. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय तज्ज्ञांनी तयार केलेली एक निदान-प्रश्नावली आहे. दुसरे साधन म्हणजे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेले ‘इसा’ हे मोजमाप. त्यात ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण देतात. एकूण ७० पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असे मानतात. हे शाळेतल्या परीक्षेचे गुण नव्हेत. आकडा जितका मोठा, तितकी मदतीची गरज अधिक.

मेंदूचा एमआरआय किंवा ईईजी प्रत्येक मुलाला लागत नाही. झटके येत असतील किंवा डॉक्टरांना अन्य शंका असेल तरच त्यांची गरज पडते. ‘मोठी तपासणी’ म्हणून आपण होऊन हजारो रुपये खर्च करू नयेत.

जाताना जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद, जुने कागद, आधार कार्ड, तुमची वही, मुलाचे आवडते खेळणे आणि पुरेसा खाऊ न्यावा. एका फेरीत काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन-तीन फेऱ्या लागतात. शेवटी लेखी अहवाल मागून घ्यावा. तोंडी ऐकलेले पुढच्या डॉक्टरांना, शाळेला किंवा कार्यालयाला दाखवता येत नाही.

अहवालात तीनपैकी एक गोष्ट असते. स्वमग्नता आहे, किंवा ती नसून बहिरेपणा, भाषेतील विलंब अथवा बौद्धिक वाढीतील विलंब आहे, किंवा आज नक्की सांगता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा पाहू. तिसऱ्या उत्तराने निराश होऊ नये. मात्र ‘पुन्हा पाहू’ म्हणजे ‘तोवर काही करू नका’ असे नव्हे. बोलण्या-खेळण्याचा सराव त्याच दिवसापासून सुरू करता येतो.

आईवडील उसाच्या फडात असतील तर?

आमच्या जिल्ह्यातील खरी अडचण ही आहे. बाळंतपणाची हकिकत आईला ठाऊक, आजचे वागणे आजीला ठाऊक, आणि दोघी एकमेकींपासून दोन-तीनशे किलोमीटरवर. मग ‘पाडव्याला ते आले की बघू’ असे ठरते. पाडवा होतो, पट्टा पडतो, उचलीचा हिशेब होतो, लग्नसराई येते, पेरणी येते आणि पुन्हा दसरा उजाडतो. दोन वर्षांचे मूल तीन वर्षांचे होते.

म्हणून पहिली चाळणी आणि श्रवणचाचणी आजी-आजोबांनीच करून घ्यावी. आईला आधी कळवून ठेवावे आणि तपासणीच्या वेळी तिच्याशी फोनवरून बोलणे होईल अशी व्यवस्था करावी. आईवडिलांनी प्रत्यक्ष हजर राहण्याची तारीख हंगाम संपण्यापूर्वीच मागून ठेवावी. मूल फडावर त्यांच्याबरोबरच जाणार असेल तर सर्व कागदांची एक फाईल करून ती त्याच्याबरोबर द्यावी. अंगणवाडी आणि आरोग्य पथक तिकडच्या तालुक्यातही असते. फाईल सोबत असेल तर कोपीवर राहणाऱ्या मुलाचीही तपासणी पुढे चालू राहू शकते.

मुलाला आणि सुनेला सांगायचे कसे, हाही एक प्रश्न असतो. आजाराचे नाव आपण सांगू नये. जे पाहिले तेवढेच सांगावे. “मी चार दिवस लक्ष देऊन पाहिलं. हाक मारली की तो वळत नाही, बोट दाखवत नाही. एकदा दाखवून घेऊ, काही नसलं तर चांगलंच आहे.” एवढे पुरेसे असते. हे चारचौघांत, फोनच्या मोठ्या आवाजावर सांगू नये. आणि चुकूनही ‘तुझ्यामुळे झालं’ असे सुनेला म्हणू नये. गेल्या शतकात काही काळ मोठमोठ्या तज्ज्ञांनीही आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे म्हटले होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, त्या मताचा प्रतिवाद केला आणि पुढे ते पूर्णपणे मागे पडले. शास्त्राने सोडलेला तो दोष आपण घरात पुन्हा उभा करू नये.

निदानानंतर

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. झटके, झोपेचा त्रास, अतिचंचलता यांवर औषधे असतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत. खरा उपयोग होतो तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांचा, आणि त्याहूनही त्यातून शिकून घरात रोज केलेल्या सरावाचा. यात आजी-आजोबांजवळ सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, ती म्हणजे वेळ. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. ते जे करते आहे तेच आपण करावे. ते डबा वाजवत असेल तर आपणही वाजवावा. मागितलेली वस्तू देण्यापूर्वी नजर किंवा आवाज मिळेपर्यंत मनात दहा अंक मोजावेत. बोलणे लहान ठेवावे: ‘पाणी’, ‘पाणी पी’. अंघोळ, जेवण, झोप यांचा क्रम ठरलेला असावा. भ्रमणध्वनीमुळे स्वमग्नता होते असे म्हणता येत नाही, परंतु त्याच्या पडद्यापुढे गेलेला तास माणसांशी खेळण्याच्या वेळातून वजा होतो, म्हणून तो दूरच बरा. अशी मुले अचानक घराबाहेर निघून जातात आणि त्यांना पाण्याची ओढ असू शकते. विहीर, हौद, शेततळे यांकडे विशेष लक्ष द्यावे आणि मुलाच्या अंगावर संपर्क क्रमांक असू द्यावा.

कायद्याचा आधारही आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा स्वतंत्र समावेश केला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे ‘यूडीआयडी’ ओळखपत्र मिळाल्यास एसटीच्या भाड्यातील सवलत आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण यांचा लाभ घेता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य-विमा संरक्षण आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अटी तहसील कार्यालयात विचाराव्यात. प्रमाणपत्र म्हणजे कपाळावरचा शिक्का, असे अनेक आजोबांना वाटते. माझ्या मते ते शिधापत्रिकेसारखे आहे. जे हक्काचे आहे ते मिळवण्याचा कागद.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. गंडे-दोरे, चटके आणि उपास यांनी मुलाचे हाल होतात. श्रद्धेने देवदर्शन जरूर करावे. पण रुग्णालयाची तारीख चुकवू नये. लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचवणारा १९९८ चा ब्रिटनमधील निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा लसी थांबवू नयेत. मूलपेशी उपचारांच्या जाहिराती पाहून जमीन विकायला निघालेले लोकही मला ठाऊक आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगणे राहिले. मी त्यांच्या मुलाला त्याच दिवशी फोन लावला. पहिल्यांदा तो रागावला. “आम्ही इकडं मरमर मरतोय आन्‌ तुम्ही लेकराला येडं ठरवताय का?” फोन आजींनी माझ्या हातून घेतला आणि म्हणाल्या, “येडं कोण म्हनतंय? म्या रोज बघतीया, तू न्हाई बघत. दाखवून येते.” दोन महिन्यांत, तीन फेऱ्यांत मूल्यमापन पूर्ण झाले. कान उत्तम होते. स्वमग्नता मध्यम प्रमाणात होती. मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही झालेला नव्हता.

पुढच्या हंगामात त्याची आई गावातच राहिली. ‘पूर्ण कोयता’ मोडून ‘अर्धा’ झाला आणि उचलही त्या मानाने घटली. हा निर्णय सोपा नव्हता आणि प्रत्येक घराला तो परवडेल असे मी म्हणणार नाही. आज तो मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो. हलगी वाजली की अजूनही कान झाकतो. हाक मारल्यावर दर वेळी वळत नाही. पण आजींनी हाक मारली तर बहुतेक वेळा वळतो.

तुमच्या घरातील लहानग्याविषयी मनात शंका असेल, तर ती दारापर्यंत जाऊन परत घेऊन जाऊ नका. आज संध्याकाळी त्याला पाच वेळा नावाने हाक मारा, किती वेळा वळला ते मोजा आणि तारीख टाकून वहीत लिहा. मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टर ‘बोलेल हळूहळू’ म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा, “साहेब, बोललं तर आनंदच आहे. पण तपासणीची चिठ्ठी आजच लिहून द्या.”